सायलेन्सरचा पोचा : खाणपट्ट्यातील एका नळीचा इतिहास

डिचोली तालुक्यातल्या पाळी गावाचे नाव आणि खाणीवरच्या कामाची ‘पाळी’ हे दोन शब्द उच्चाराला एकच. गावाच्या नावाची व्युत्पत्ती काय ती भाषाशास्त्रज्ञांनी शोधावी. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या गावाचे दिवस-रात्र खाणीच्या पाळीवर चालले, ही गोष्ट मात्र खरी. पाळी, कोठंबी, वेळगे, सुर्ल, नावेली, आमोणे ही नावे मोठ्या नकाशांत बारीक अक्षरांतही सापडत नाहीत. तरी येथली तांबडी माती ट्रकांत बसून मांडवीच्या धक्क्यांवर गेली, तेथून बार्जमधून मुरगाव बंदरात आणि तेथून जहाजांनी जपान, युरोप व पुढे चीनपर्यंत पोहोचली.

या वाहतुकीचा इतिहास लिहू जाता निर्यातीचे आकडे मिळतात, कायदे मिळतात, न्यायालयाचे निवाडे मिळतात. ज्या ट्रकांवर आणि मोटारसायकलींवर हे सारे चालले, त्यांच्याबद्दल मात्र कोणी फारसे लिहीत नाही. म्हणून या लेखात एक अगदी क्षुल्लक वाटणारी वस्तू घेतली आहे: धूर बाहेर सोडणारी नळी आणि तिला पडलेला पोचा. पोचा पडला की गाडीची ताकद कमी होते का, हा प्रश्न साखळी-डिचोलीच्या गॅरेजांत, बेळगावच्या खानापूर रस्त्यावर आणि सावंतवाडीच्या स्टँडाजवळ सारख्याच तावातावाने चर्चिला जातो. ‘सायलेन्सर’ हा शब्द मराठी, कोंकणी आणि कानडी या तिन्ही भाषांत एकच असल्यामुळे वाद घालायला दुभाषाही लागत नाही! एक मेस्त्री म्हणतो, “पोच्याने काही होत नाही, रंग मारा आणि चालवा.” दुसरा म्हणतो, “पोचा काढल्याशिवाय पिकअप येणार नाही.” दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात. कोण केव्हा खरा, हे समजायला त्या नळीचा थोडा इतिहास पाहावा लागतो.

धुराडे कामाला लागले

जे जळून गेले ते बाहेर टाकायचे, एवढेच नळीचे काम, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. चुलीच्या धुराड्याकडे आपण याच नजरेने पाहतो. पण बाहेर जाणाऱ्या वाफेला किंवा वायूला जाता जाता एखादे काम सांगता येते, हे यंत्रयुगाच्या आरंभीच माणसाच्या ध्यानात आले.

आपल्याच मुलखातले उदाहरण घ्यावे. १८८८ साली मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंतची रेल्वे सुरू झाली आणि दूधसागराच्या अंगावरून वाफेची इंजिने घाट चढू लागली. त्या इंजिनांचा तो ओळखीचा ‘छुक् छुक्’ आवाज म्हणजे सिलिंडरमधून सुटलेली वाफच. काम आटोपलेली ही वाफ धुराड्याच्या बुडाशी असलेल्या एका तोटीतून जोराने वर फेकली जाई. ती जाताना भट्टीतला धूर आपल्याबरोबर ओढून नेई आणि त्यामुळे निखाऱ्यांतून ताजी हवा खेचली जाई. चढ जितका कठीण तितकी वाफ अधिक, वाफ जितकी अधिक तितकी भट्टी प्रखर. ती तोटी धुराड्याच्या मध्यरेषेपासून थोडी जरी सरकली, तरी ओढ कमी होई आणि इंजिन घाटात दमे. बाहेर टाकण्याच्या वाटेत दोष असला की आतली आग मंदावते, हा धडा गोवा-कर्नाटक सीमेवरील घाटाने मोटारगाडी येण्यापूर्वीच गिरवला होता.

मोटारगाडी आली तेव्हा प्रश्न वेगळाच होता. स्फोटाचा आवाज भयंकर, घोडे बिथरत, माणसे शिव्या देत. १८९७ साली अमेरिकेतील मिल्टन आणि मार्शल रीव्ह्ज या बंधूंनी आवाज दाबणाऱ्या डब्याचे पेटंट घेतले. यंत्रतोफेचा जनक हायरम मॅक्झिम याचा मुलगा हायरम पर्सी मॅक्झिम याने १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट मिळवले आणि पुढे तीच युक्ती इंजिनांनाही लावली. बापाने आवाज वाढवला, मुलाने तो कमी केला!

सायलेन्सर आला आणि त्याच्याबरोबर एक समजही आला: हा डबा इंजिनाची ताकद खातो. त्या काळच्या ओबडधोबड सायलेन्सरांच्या बाबतीत तो खराही होता. म्हणून अनेक जुन्या गाड्यांत एक झडप असे. चढ लागला की चालक पायाने ती उघडी, धूर डब्यात न जाता परस्पर बाहेर पडे आणि गाडी गर्जना करीत चढ चढे. आज सायलेन्सर काढून मोटारसायकल उडवणारी पोरे त्याच समजाची वारस आहेत. फक्त सायलेन्सर मधल्या काळात सुधारला, ही बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नाही.

तांबड्या मातीचा ट्रक

आता पाळीकडे वळू. गोव्यातून लोहखनिजाची निर्यात सुरू झाली ती १९४७ च्या सुमारास. पोर्तुगीज राजवटीने खाणींचे परवाने आधीच वाटले होते. महायुद्धात बेचिराख झालेल्या जपानला पोलाद हवे होते आणि डिचोली-सांगेच्या डोंगरांत खनिज होते. पन्नाशीच्या दशकात शिरगावसारख्या ठिकाणी जपानी मदतीने यंत्रे आली. १९५४ साली इटालियन भांडवलावर ‘सेसा गोवा’ स्थापन झाली. डोक्यावरच्या पाट्यांची जागा ट्रकांनी घेतली.

मुक्तीनंतर, म्हणजे १९६१ नंतर, भारतीय ट्रक गोव्यात आले. टाटांनी १९५४ साली जर्मनीच्या डायमलर-बेंझशी करार केला होता. त्या परंपरेतले सहा सिलिंडरांचे, सुमारे ५.७ लिटरचे डिझेल इंजिन पुढे देशभरच्या ट्रकांत बसले. खाणपट्ट्यातल्या कितीतरी घरांनी कर्ज काढून एक-एक टिपर घेतला. ट्रक खाणीवर लावायचा, दिवसाला जमतील तितक्या खेपा मारायच्या, भाड्यातून हप्ता, डिझेल आणि ड्रायव्हरचा पगार भागवायचा आणि उरेल त्यात मुलांचे शिक्षण करायचे, असा तो संसार. खेप चुकली की हिशेब चुके. ‘गाडी ओढत नाही’ हे तीन शब्द त्या घरात आजारपणाच्या बातमीसारखे ऐकले जात.

आणि नळीला पोचे पडण्याला तेथे काय तोटा! जांभ्या दगडाचे धोंडे, पावसाळ्यात चिखलाने भरलेले खड्डे, मालाने दबलेल्या पाट्या, वळणावर घासणारे काठ आणि खेप साधण्याची घाई. चेसिसखालून जाणारी नळी या सगळ्यांचा मार खात असे. तेव्हा गाडी ओढेनाशी झाली की मालक खाली वाकून पाही, पोचा दिसे आणि सगळा दोष त्या पोच्याच्या माथी जाई.

हा दोष कितपत खरा, याचा हिशेब कागदावर मांडता येतो. नळी ७५ मिलिमीटर व्यासाची धरू. तिच्यावर दगड आदळून एक बाजू १० मिलिमीटर सपाट झाली, तर वाट किती अडली? भूमितीने पाहता सुमारे ८ टक्के. म्हणजे शंभरातल्या ब्याण्णव भागांतून धूर पूर्वीसारखाच जातो. हे इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत असता त्या नळीतून धूर सेकंदाला साठेक मीटर वेगाने वाहतो. वाट निम्मी झाली तर त्या जागी वेग दुप्पट होतो, आणि अडथळ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे चौपट वाढतो. तरीही तो होतो साधारण सव्वा फूट उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका. तेवढ्या दाबाविरुद्ध धूर ढकलायला पिस्टनला जी जादा मेहनत पडते ती अर्ध्या हॉर्सपॉवरच्या आसपास. सव्वाशेच्या घरातल्या इंजिनाला अर्धी हॉर्सपॉवर म्हणजे भरल्या पोत्यातला मूठभर तांदूळ.

पण येथेच गणिताची खरी गंमत आहे. वाट तीन-चतुर्थांश मिटली की दाब दीड मीटर पाण्याइतका होतो आणि दोन हॉर्सपॉवरहून अधिक जातात. सात-अष्टमांश मिटली तर नऊपर्यंत. हा हिशेब ढोबळ आहे. धूर सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने जातो, त्यामुळे प्रत्यक्षातली घट थोडी जास्तच भरते. शिवाय धूर पुरता बाहेर न गेल्यामुळे सिलिंडरमध्ये ताज्या हवेला जागा कमी मिळते, तो तोटा निराळाच. सांगायचा मुद्दा असा की तोटा पोच्याबरोबर सरळ रेषेत वाढत नाही. बराच काळ तो जवळजवळ शून्य असतो आणि मग एकदम कडा कोसळावा तसा कोसळतो.

म्हणजे ‘रंग मारा आणि चालवा’ म्हणणारा मेस्त्री ट्रकाच्या बाबतीत बहुतेक वेळा बरोबर होता. ज्या ट्रकाची नळी नुसती चेपली होती, त्याची ओढ कमी होण्याचे कारण दुसरीकडे असे: धुळीने बंद झालेला एअर फिल्टर, झिजलेल्या रिंगा, बिघडलेले नोझल, कॅलिब्रेशन सुटलेला पंप. तांबड्या धुळीच्या मुलखात एअर फिल्टर हाच पहिला संशयित असायला हवा होता. पण फिल्टर झाकणाखाली असतो आणि पोचा डोळ्यांसमोर. दिसणाऱ्या जखमेला दोष देण्याची माणसाची सवय गॅरेजातही सुटत नाही.

घाटातला पुरावा

वाट पुरती अडली तर काय होते, हे ज्याला पाहायचे असेल त्याने घाटात उतरणाऱ्या मालट्रकाकडे लक्ष द्यावे. साखळीहून बेळगावकडे जाणारा चोर्ल्याचा घाट, मोल्याकडचा अनमोड घाट, सावंतवाडीकडचा आंबोली घाट. या उतारांवर पुष्कळ ट्रक ‘एक्झॉस्ट ब्रेक’ वापरतात. धुराच्या नळीत एक चकती असते. ड्रायव्हरने कळ दाबली की ती आडवी होऊन नळी मिटते आणि डिझेल बंद होते. धुराची वाट बंद झाल्यामुळे पिस्टनला प्रत्येक फेऱ्यात कोंडलेल्या हवेविरुद्ध लढावे लागते आणि गाडीला पुढे नेणारे इंजिनच तिला मागे धरून ठेवते. चाकांचे ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका त्यामुळे टळतो.

विचार केला तर एक्झॉस्ट ब्रेक म्हणजे माणसाने मुद्दाम पाडलेला आणि हवा तेव्हा निघणारा पोचाच. इंजिनाची शक्ती नळीतून शून्याखाली नेता येते, याचा हा रोजचा पुरावा. तीच चकती गंजून अर्धवट अडकून बसली, तर सपाट रस्त्यावरही ट्रक दमतो आणि मालक बिचारा बाहेरचा पोचा ठोकून काढत बसतो.

मोटारसायकलीचे वेगळेच शास्त्र

पाळीचा ट्रक ज्या पोच्याला भीक घालत नव्हता, तेवढाच पोचा त्याच्या ड्रायव्हरच्या मोटारसायकलीला मात्र जेरीस आणत असे. यामागचा इतिहास मोठा रंजक आहे.

प्रथम साधी भूमिती. ट्रकाच्या ७५ मिलिमीटरच्या नळीत १० मिलिमीटर दबल्याने ८ टक्के वाट गेली. मोटारसायकलीचा बेंड पाइप आतून ३० मिलिमीटरचा धरला, तर तेवढ्याच दबण्याने २९ टक्के वाट जाते. धोंडा तोच, पोचा तोच. गरिबाच्या घरावर पडला की नुकसान जास्त!

परंतु खरा फरक भूमितीत नाही, इंजिनाच्या जातीत आहे. म्हैसूरला १९६१ पासून जावा आणि पुढे येझ्दी, फरीदाबादला १९६२ पासून राजदूत; गोव्याच्या खेड्यापाड्यांत पोहोचलेल्या या गाड्या टू-स्ट्रोक. डोळे मिटूनही कळावी अशी त्यांची ‘टर्र’. या जातीच्या इंजिनात झडपा नसतात. धूर बाहेर जाण्याचे दार आणि पेट्रोलमिश्रित हवा आत येण्याचे दार काही क्षण एकाच वेळी उघडे असते. साहजिकच थोडे ताजे मिश्रण धुराबरोबर फुकट बाहेर निघून जाते. हे जाणारे मिश्रण परत कसे आणायचे?

याचे उत्तर आपल्या सनईवाल्याला समजावे असे आहे. नळीत फुंकलेली हवा दुसऱ्या टोकापर्यंत गेली, की तिच्या दाबाची लाट परत फिरते. नळी रुंदावत गेली तर परतणारी लाट ओढ घेऊन येते. अरुंद होत गेली तर धक्का घेऊन येते. सनईचे तोंड रुंदावत का जाते, आणि बँडवाल्याच्या पितळी बाजाला नको तिथे पोचा पडला की काही सूर बेसूर का होतात, याचे मूळ याच लाटांत आहे. टू-स्ट्रोकच्या नळीला आधी रुंदावणारा आणि मग निमुळता होणारा पोटासारखा आकार दिला, तर पहिली लाट धूर ओढून घेते आणि दुसरी लाट, दार मिटण्याच्या अगदी आधी, बाहेर सांडलेले ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. म्हणजे ही नळी धुराडे उरत नाही. ती इंजिनाचाच एक अवयव होते.

हे शास्त्र प्रत्यक्षात उतरवले पूर्व जर्मनीतील झोपाऊ गावच्या एमझेड कारखान्यातल्या वॉल्टर काडेन या अभियंत्याने. पैसे नाहीत, चांगला धातू नाही, अशा स्थितीत त्याने नळीतल्या लाटा मोजून नळ्या घडवल्या आणि १९६१ पर्यंत १२५ सीसीच्या इंजिनातून २५ हॉर्सपॉवर काढली. त्याच वर्षी त्याचा आघाडीचा स्वार अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे पळून गेला आणि सुझुकी कंपनीला जाऊन मिळाला. पुढच्याच वर्षी, १९६२ साली, सुझुकीने ५० सीसीचे जागतिक अजिंक्यपद पटकावले. एका नळीच्या आकाराचे ज्ञान असे शीतयुद्धाची भिंत ओलांडून जपानला गेले.

जपानची ही विद्या ऐंशीच्या दशकात भारतात आली. इंड-सुझुकी, कावासाकी-बजाज आणि १९८५ साली एस्कॉर्ट्सने आणलेली यामाहा आरएक्स १००. ज्या जपानकडे डिचोलीची माती तीस-पस्तीस वर्षे जात होती, त्याच देशाची यंत्रविद्या त्याच गावाच्या रस्त्यावर परत आली. आपलीच माती पोलाद होऊन परतली, असे म्हणण्याचा मोह होतो. तसा पुरावा कोणी देऊ शकणार नाही. पण व्यापाराचे वर्तुळ पुरे झाले, एवढे म्हणायला हरकत नसावी.

आरएक्स १०० चा सायलेन्सर बाहेरून साधी लांबट नळी दिसे. आत मात्र वर सांगितलेल्या शंकूंची रचना. मिनिटाला ७५०० फेऱ्यांना तिची पूर्ण शक्ती, म्हणजे ११ हॉर्सपॉवर येई. या वेगाने एक फेरा संपतो सेकंदाच्या सव्वाशेव्या भागात. धुराचे दार त्यातला जवळपास निम्मा वेळ उघडे असते. त्या अवधीत गरम धुरातली लाट सुमारे दोन मीटर धावते, म्हणजे मीटरभर जाऊन मीटरभर परत येते. नळीची लांबी याच हिशेबाने ठरलेली असते.

आता पोचा कुठे पडला, याला महत्त्व आले. सिलिंडरजवळच्या बेंड पाइपवर पडला, तर लाटेचा काही भाग तेथूनच लवकर मागे फिरतो आणि धूर बाहेर जाण्याच्या ऐन वेळी उलटा धक्का देतो. पिकअप जातो, ॲव्हरेज घटते. पोटाच्या जाड भागावर पडला, तर घनफळात किरकोळ फरक. गाडीला पत्ताही लागत नाही. शेवटच्या बारीक शेपटीवर पडला, तर सर्वांत घातक. ती शेपटी आधीच जेमतेम रुंद असते. ती दबली की पोटात धूर तुंबतो, उष्णता वाढते आणि लांबच्या चढावर पिस्टन पकडतो. इंजिन सीझ झालेल्या गाडीला बोअर करून नवा पिस्टन टाकला, पण शेपटीचा पोचा तसाच ठेवला, तर नवा पिस्टनही त्याच वाटेने जातो. असा खर्च दोनदा करणाऱ्या कुटुंबाला तो पोचा किती महाग पडला असेल!

याहून मोठा चोर मात्र आत लपलेला असे. टू-स्ट्रोकच्या पेट्रोलात तेल मिसळलेले. त्या तेलाची काजळी सायलेन्सरच्या आतून थरावर थर चढत जाई. तो आतून वाढणारा पोचाच. बाहेर चकचकीत क्रोम आणि आत बोटभर भोक! म्हणून जुने मेस्त्री ठरावीक मुदतीने सायलेन्सर उतरवून जाळत किंवा कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने धूत. पिवळ्या मडगार्डाच्या मोटारसायकलीवर उतारू नेणाऱ्या गोव्यातल्या ‘पायलटां’ना हे वेळापत्रक तोंडपाठ असे. चढावर मागे बसलेला उतारू खाली उतरवावा लागला, की सायलेन्सर जाळायची वेळ झाली, हे त्यांचे मोजमाप कोणत्याही मीटरहून कमी नव्हते.

पोचा काढण्याच्या कलाही होत्या. कोणी पोच्यावर सळी वेल्ड करून ओढून काढी, कोणी नळी कापून आतून ठोके देऊन पुन्हा जोडी, कोणी दोन्ही तोंडे बंद करून आत हवेचा दाब देई आणि गॅसच्या ज्योतीने तो भाग लाल करी, म्हणजे पोचा हळूहळू फुगून वर येई. या कामात सांधा आत बोटभर पुढे आला, तर काढलेल्या पोच्यापेक्षा तो सांधाच जास्त अडवी. चांगला मेस्त्री म्हणून आधी निदान करी: नळीचा सांधा सैल करून किंवा दुसऱ्या गाडीचा चांगला सायलेन्सर लावून एक फेरी मारायची. पिकअप परत आला तर दोष नळीत. नाही आला तर पोच्याला हात न लावता इंजिनाकडे वळायचे. पाच मिनिटांच्या या परीक्षेने किती घरांचा हेड उघडण्याचा खर्च वाचवला असेल!

मोजणारी नळी

काळ पुढे गेला. १९८५ नंतर फोर-स्ट्रोक हीरो होंडाने कमी पेट्रोलात जास्त अंतराची सवय लावली. येझ्दीचे आणि आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ साली थांबले. धुराचे नियम कडक होत गेले तशी टू-स्ट्रोकची जातच रस्त्यावरून मागे पडली, आणि तिच्याबरोबर पोच्याचे ते नाजूक शास्त्रही.

ट्रकांत टर्बोचार्जर आला. धुराच्या वेगाने फिरणारा पंखा इंजिनात जादा हवा कोंबतो, ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ सालीच पेटंटात मांडली होती. वाफेच्या इंजिनाप्रमाणे येथेही बाहेर जाणारा वायू कामाला लागला. त्यामुळे पंख्यामागची नळी फार दबली तर पंख्याची गती घटते, हवा कमी होते आणि डिझेल मात्र तेवढेच जाते. अपुऱ्या हवेत जळलेले डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडते. मालकाला तो तोटा डिझेलच्या बिलात दिसतो.

काळ्या धुराचा दुसरा हिशेब मालकाच्या वहीत लिहिला जात नाही. २००० नंतर चीनची मागणी वाढली आणि २०१०-११ मध्ये गोव्याची निर्यात ५ कोटी टनांवर गेली, तेव्हा पाळी-सुर्ल-नावेलीच्या रस्त्यांवर ट्रकांची रांग तुटत नव्हती. शाळेला जाणारी मुले त्याच रस्त्याच्या कडेने चालत, दारातली तुळस तांबडी होई. एका ट्रकाच्या अडलेल्या नळीने मालकाचे थोडे डिझेल गेले. अशा शेकडो नळ्यांचा धूर मात्र सगळ्या गावाने श्वासातून घेतला. ट्रकमालक आणि रस्त्यावर राहणारा माणूस हे या गावांत निरनिराळे नव्हते. ज्या घराच्या अंगणात टिपर उभा, त्याच घरात खोकणारी आजी. खाणीच्या प्रश्नावर गावेच्या गावे दोन मतांत विभागली गेली, त्याचे मूळ या एकाच अंगणात शोधावे लागते.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. १९८७ च्या कायद्याने पोर्तुगीज परवाने रद्द होऊन लीज झाले होते. २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१४ साली वर्षाला २ कोटी टनांच्या मर्यादेत परवानगी मिळाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ लीजचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यास काम पुन्हा थांबले. लिलावानंतर २०२४ साली डिचोली गटात उत्खनन सुरू झाले. मधल्या वर्षांत ट्रक अंगणात, माळावर, झाडाखाली उभे राहिले. इंजिन बंद असले तरी नळी स्वस्थ बसत नाही. इंधन जळताना पाण्याची वाफ होते. ती सायलेन्सरात थिजून राहते आणि आतून गंज चढवते. ज्या नळ्यांनी वर्षानुवर्षे धोंड्यांचा मार सोसला, त्यांना उभ्या जागी गंजाने भोके पडली. चालत्या गाडीच्या पोच्याने जे नुकसान केले नाही, ते थांबलेल्या गाडीच्या गंजाने केले. हप्ते मात्र थांबले नाहीत.

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज-६ नियम लागू झाले. नव्या ट्रकाच्या धुरवाटेत काजळी अडवणारी जाळी बसते. तिच्या दोन्ही अंगांच्या दाबातला फरक यंत्र सतत मोजते आणि वाट तुंबली की समोरचा दिवा लागतो. जुना मेस्त्री हाताचा तळवा धुरासमोर धरून जे अंदाजत असे, ते आता गाडी स्वतः सांगते. आणि पोच्याचा अर्थही पालटला. या नळीच्या पोटात चिनी मातीसारख्या ठिसूळ पदार्थाचे पोळे असते. बाहेरचा धक्का शक्ती क्वचितच घटवतो, पण आतले पोळे तडकवू शकतो. आणि ते बदलण्याचा खर्च जुन्या काळच्या सायलेन्सरच्या कितीतरी पट.

तेव्हा गॅरेजातल्या त्या जुन्या वादाचा निकाल असा द्यावा लागेल: जुन्या ट्रकाला निम्मी वाट उघडी असेपर्यंत पोचा फारसा जाणवत नाही, टू-स्ट्रोकला पोचा कुठे पडला यावर सारे अवलंबून, आणि नव्या गाडीत पोच्यापेक्षा त्याच्या आत काय फुटले ते पाहावे. तिन्ही गाड्या पाळीच्या एकाच रस्त्यावरून एका पिढीच्या डोळ्यांदेखत गेल्या. खाणींवरचे ट्रक आता पुन्हा हलू लागले आहेत. त्यांच्या नळीतून जे बाहेर पडेल ते कोणाच्या दारावरून जाणार आहे, हा प्रश्न या वेळी तरी खेपांच्या हिशेबाच्या पहिल्या ओळीत लिहिला जावा.